सांधे दुखणाऱ्या गाड्या

पावसाळा संपता संपता आमची पद्मिनी सेल्फ घेईनाशी झाली. किल्ली फिरवली की 'टक्' एवढाच आवाज. बॅटरी दीड वर्षाची होती, म्हणून ती बदलली. आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा टक्. सेल्फ उतरवून त्याचं आर्मेचर, बुश, कार्बन सगळं करून घेतलं. तरी तेच. नवी बॅटरीही 'बसली' असं एका दुकानदारानं जाहीर केल्यावर मात्र मी गाडी धक्का मारून चालू केली आणि नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, मला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः खिडकीतून वाकून डॅशबोर्डखाली चोकची केबल चिमटीत धरली.

"तापली," तो म्हणाला. "साहेब, तुमचा करंट चोकच्या केबलीतून घरी चाललाय. त्याचा नेहमीचा रस्ता बघा कुठं तुटलाय."

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा आणि बॉडीचा विजेचा संबंध जोडायला तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. ती आमच्या गाडीत हिरवी पडून चार तारांवर लोंबत होती. सेल्फला लागणारा शे-दीडशे अँपिअरचा लोंढा तिथून जाऊ शकत नव्हता, म्हणून तो मिळेल त्या वाटेनं, म्हणजे चोकच्या केबलीतून, बॉडीकडे परतत होता. पट्टी शंभर रुपयांच्या आत आली. तोवर माझे सात-आठ हजार गेले होते, आणि त्यात एक चांगली बॅटरी मी जुन्याच्या भावात देऊन बसलो होतो.

जुन्या गाडीच्या विजेच्या तक्रारींबद्दल माहीतगार माणसं काय काय सांगतात, त्यात काय टिकतं आणि काय नुसतं तोंडातोंडी चालत आलंय, याचा आढावा घ्यायचा म्हटलं तर मला या पट्टीपासूनच सुरुवात करावी लागते. कारण या क्षेत्रात खरे तट दोनच आहेत. एक बदलणाऱ्यांचा, दुसरा मोजणाऱ्यांचा. पहिल्या तटाचा समज असा की वस्तू बिघडतात. दुसऱ्याचा अनुभव असा की वस्तू फार क्वचित बिघडतात, बिघडतात ते त्यांच्यामधले सांधे. मी पैसे खर्च करून पहिल्या तटातून दुसऱ्यात आलो आहे.

आधी बदनामीचं बघू. ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांमध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासच्या कंपनीवर इतके विनोद आहेत की त्यांचं वेगळं दालन व्हावं. कंपनीच्या दिव्यांचं जुनं ब्रीद 'रस्त्याचा राजा' असं होतं, लोकांनी तिच्या संस्थापकाला 'अंधाराचा राजपुत्र' करून टाकलं. आपल्याकडेही या नावाचं नातं जवळचं आहे. मद्रासला १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि पुढे इथल्या कितीतरी गाड्यांचे सेल्फ, डायनमो, डिस्ट्रिब्युटर तिथूनच आले. उत्तरपाड्याची अँबेसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड मूळची ट्रायम्फ; दोघींचं रक्त ब्रिटिश. कुर्ल्याची पद्मिनी तेवढी इटालियन, फियाट ११००ची मुलगी. तरी या तिन्ही गाड्या ज्यांनी पाळल्यात त्यांना विचारा, तक्रारी सारख्याच निघतील. म्हणजे दोष घराण्याचा नाही. ऐन उमेदीत ही यंत्रणा रोज चालत होती. आज ती पन्नास-साठ वर्षांची झाली आहे, आणि तिच्यातली प्रत्येक पितळी टिकली तेवढीच वर्षं दमट हवा खात आलेली आहे. विनोद करणाऱ्यांनी एवढं लक्षात घेतलं असतं तर विनोद कमी झाले असते, गाड्या जास्त चालल्या असत्या.

आपल्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसत, ते कळकतं म्हणून. आंबट, ओल आणि तांबं एकत्र आले की हिरवा थर धरतो. त्यावर उपाय कल्हईचा. गाडीच्या वायरिंगमध्ये नेमकं तेच घडतं, फक्त वर्षानुवर्षं आणि नजरेआड. बॅटरीच्या ॲसिडची वाफ, पावसाचं पाणी, कोकणातली खारी हवा यांनी तांब्याची तार टोकाकडून आत कळकत जाते. वरचं प्लास्टिक मऊ, लवचिक, शहाण्यासारखं दिसतं. सोलून पाहावं तर आत काळी भुकटी. बोटींच्या वायरिंगला कल्हई केलेलं तांबं वापरतात ते याचसाठी. गाड्यांच्या कारखान्यांनी साधं तांबं वापरलं, कारण गाडी पन्नास वर्षं चालेल असं त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

दुसरी मोठी गंमत अशी की या गाड्यांतल्या निम्म्या वायरी दिसतच नाहीत. बॅटरीकडून दिव्याकडे एक तार जाते, परतीची वाट म्हणजे गाडीचं अंग. या परतीच्या वाटेलाच आपण अर्थ किंवा बॉडी म्हणतो. पत्र्यावर घट्ट बसलेला एक स्क्रू ही त्या वाटेवरची चौकी. त्या स्क्रूखाली गंज आला की चौकी बंद. म्हणून डाव्या बाजूचा इंडिकेटर लावल्यावर पार्किंगचा दिवा त्याच तालात मिणमिणतो, ब्रेक दाबला की मागचे सगळे दिवे मंदावतात, असले चमत्कार दिसतात. एका दिव्याचा करंट स्वतःचा रस्ता बंद बघून शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा परततोय, एवढाच त्याचा अर्थ. ज्या गाडीत एकाच वेळी चार असंबद्ध गोष्टी वेडेवाकडे वागतात, तिथे चार बिघाड नसतात, एक अर्थ असतो. आणि याचा कळस बघायचा असेल तर नुकतीच रिस्टोअर झालेली गाडी बघावी. पत्रा पार लोखंडापर्यंत घासून वर इतका सुरेख रंग दिलेला असतो, की एकाही स्क्रूला उघडं लोखंड सापडत नाही. लाखो रुपये घातलेली गाडी कार्यक्रमाच्या मैदानावर हॉर्नसुद्धा वाजवत नाही. रंगाऱ्यानं काम उत्तम केलेलं असतं, हीच अडचण. प्रत्येक अर्थच्या जागी रुपयाएवढा रंग खरवडायचा, टर्मिनल आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावायची, हे काम रंगानंतर कुणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं.

सांधा खराब म्हणजे किती खराब, हे समजायला थोडं गणित लागतं, पण ते सातवीतलं आहे. सेल्फ १५० अँपिअर ओढतोय आणि वाटेत एका टर्मिनलवर फक्त एक शतांश ओहम अडथळा आहे. ओहमच्या नियमानं तिथे दीड व्होल्ट गळाले. बारातले दीड. साध्या मीटरवर एक शतांश ओहम मोजताच येत नाही, मीटर शून्यच दाखवतो. म्हणजे ओहमच्या काट्यावर विसंबून 'कनेक्शन ठीक आहे' म्हणणारा प्रामाणिकपणे चुकत असतो. हेडलाइटचं तर याहून वाईट. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या साधारण साडेतीनाव्या घातानं पडतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी जातो. खंबाटकी घाट उतरताना समोरचं काही दिसत नाही म्हणून आपण जास्त वॅटचा बल्ब घालतो, तो जास्त करंट ओढतो, त्याच दमलेल्या सांध्यावर आणखी व्होल्ट गळतात, आणि स्विच मात्र गरम होऊन वितळायला लागतो.

यावरची मोजणी जुन्या वर्कशॉप मॅन्युअलांतही असते आणि आजचे चांगले वायरमनही तीच करतात, तरी ती फार कमी लोकांना येते. मीटर व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आदर्श गाडीत काटा हलूच नये. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची वाट खराब. आता दुसरं टोक बॉडीवर आणा, मग क्लॅम्पवर आणा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडतो, तो सांधा दोषी. हीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून सोलेनॉइड, सोलेनॉइडपासून सेल्फ अशी. सारी गोम 'सेल्फ मारताना' या शब्दांत आहे. करंट वाहत नसेल तर सडलेला सांधाही पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. म्युनिसिपालिटीचा नळ उघडायच्या आधी पाइपात दाब असतोच की.

इथेच मीटर श्रेष्ठ की टेस्ट लॅम्प, हा जुना वाद येतो. शिकलेली मंडळी टेस्ट लॅम्पला हसतात. मीही हसायचो. पण डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा एक कोटी ओहमच्या घरात असतो, तो तारेतून जवळजवळ काहीच ओढत नाही. वायरीतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर ऐटीत १२.४ दाखवतो. वायरमनचा एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. धागा एकच असेल तर बल्ब लाल होऊन राहतो, आणि वायरमन म्हणतो, "आहे, पण दम नाही." मीटरला हे वाक्य म्हणता येत नाही. दोन्ही हत्यारं लागतात, पण पंचवीस रुपयांचा बल्ब आणि दोन वायरी एवढंच जवळ असेल तर माणूस उघडा पडत नाही.

सेल्फच्या तक्रारीत हत्याराशिवाय करण्याजोगी एक चाचणी आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. उजेड तसाच राहिला आणि काही घडलं नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही: स्विच, सोलेनॉइड, तुटलेली वायर. उजेड पार विझला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या खांबावरचा क्लॅम्प सैल आहे. उजेड बराच मंद होऊन सेल्फ कुंथत फिरला, तर सेल्फ आतून अडकतोय किंवा बॅटरी थकलीय. बॅटरीबद्दल एवढं पुरे की उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. 'बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, मग काय झालं' हा प्रश्न मी दुकानांत इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर द्यायचं सोडून दिलं आहे.

चार्जिंगचा विषय जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण इथे नवे मेकॅनिक हात टेकतात. १९६० मध्ये क्रायस्लरनं मोठ्या प्रमाणावर अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली. त्याआधीच्या आणि नंतरही बरीच वर्षं निघालेल्या गाड्यांत डायनमो होता. डायनमो मंद चालीवर जवळजवळ काहीच देत नाही. लुकासचा सी-४० डायनमो पूर्ण जोरात असताना २२ अँपिअर देई, आणि तेव्हाच्या गाडीला ते पुरे होतं. आजच्या सिग्नलवर दहा मिनिटं हेडलाइट, वायपर आणि वर टेपरेकॉर्डर चालू ठेवून उभं राहिलं तर तो बिचारा तोट्यातच जाणार. हा बिघाड नव्हे, ही वयाची मर्यादा. खरा बिघाड डायनमोत आहे की त्याच्या कटआउट-रेग्युलेटरच्या डबीत, हे ठरवायची लुकासच्या डायनमोसाठीची रीत मोठी देखणी आहे. डबीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी काढायच्या, डायनमोचे डी आणि एफ हे दोन खांब एका तारेनं जोडायचे, ती जोडतार आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावायचा आणि इंजिन हळूहळू चढवायचं. हजाराच्या आसपास फेऱ्यांना काटा सरसर वीस व्होल्टकडे गेला तर डायनमो निर्दोष, डबीत बघा. अर्ध्या-एक व्होल्टवर रेंगाळला तर आतल्या फील्डवर संशय घ्यावा. शून्यावर बसला तर कार्बन ब्रश झिजले किंवा कम्युटेटर काळा पडला. या वेळी इंजिन रेस करून ठेवायचं नाही, लगाम काढलेला डायनमो स्वतःला जाळून घेतो.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही नीट वाचला तर पुष्कळ बोलतो. त्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनमो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तो विझतो. गाडी वेगात असताना तो रात्री मंद निखाऱ्यासारखा दिसत असेल, तर दोहोंमध्ये कुठेतरी व्होल्ट गळताहेत. म्हणजे पुन्हा सांधाच. अल्टरनेटरच्या पुष्कळ गाड्यांत याच दिव्यावर आणखी एक काम असतं. त्याच्यातून जाणाऱ्या छोट्याशा करंटनं अल्टरनेटर जागा होतो. दिवा गेला, किंवा कुणी हौसेनं त्या जागी एलईडी बसवला, की अल्टरनेटर झोपूनच राहतो. दोन वॅटच्या बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदललेले लोक मला माहीत आहेत. त्यांची नावं सांगत नाही, कारण त्यातला एक घरातलाच आहे.

आता इग्निशन. कॅडिलॅकसाठी चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी रचना बसवली तीच पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेताना पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. दरवेळी साधारण तीन-चार अँपिअर तोडायचे. त्यांची झीज होणारच, आणि नखाएवढ्या त्या फटीवर सगळं अवलंबून. लुकासच्या पुष्कळ डिस्ट्रिब्युटरांत ती एका इंचाच्या पंधरा सहस्रांश, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फट सैल झाली की गाडी चढाला खोकते, मालक कार्बोरेटर उघडतो, जेट साफ करतो, फ्लोट वाकवतो, आणि आता दोन बिघाड होतात. जुने मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटरचे निम्मे आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात. आकडा जाऊ द्या, क्रम बरोबर आहे: आधी ठिणगी, मग पेट्रोल.

पावसाळ्यात ठिणगी हमखास पळते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत बाष्प धरतं, त्यावर धूळ बसते, आणि त्या ओल्या धुळीतून ठिणगी प्लगकडे न जाता टोपीतूनच बाजूला सरकते. सरकताना केसासारखी काळी रेघ भाजून ठेवते. नंतर टोपी वाळली तरी ती रेघ कार्बनची, म्हणजे कायमची पायवाट. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर खराब टोपीवर आणि जुन्या प्लगवायरींवर निळे साप खेळताना दिसतात. बघायला सुंदर असतं, हात लावायला नाही. ब्रिटनमध्ये जुन्या मिनीचा डिस्ट्रिब्युटर ग्रिलच्या थेट मागे, पावसाच्या तोंडी असायचा, तर लोक त्यावर धुण्याचा रबरी हातमोजा चढवत आणि बोटांतून वायरी काढत. आपल्याकडे दुधाच्या पिशवीनं तेच काम केलं.

कंडेन्सर मात्र खरोखरच बिघडणारी वस्तू आहे, माझ्या सांध्यांच्या सिद्धांताला अपवाद. गाडी वीस मिनिटं उत्तम चालते, तापली की बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा जशीच्या तशी. पॉइंटवर पांढरी-निळी मोठी ठिणगी उडत असेल तर संशय पक्का. आणि इथे आजचा एक उलटा न्याय लागू होतो. नवा कंडेन्सर, नवा रोटर म्हणजे चांगला असेलच असं नाही. मूळ कारखान्यांनी हे भाग करणं कधीच थांबवलं. बाजारात जे मिळतं त्यातलं पुष्कळ नुसतं दिसायला तसं. रोटरच्या आतल्या रिव्हेटमधून ठिणगी खाली शाफ्टला पळणं हा नव्या मालाचा जगभर बदनाम झालेला दोष आहे, इतका की काही जण मुद्दाम बिनरिव्हेटचे रोटर बनवून विकतात. म्हणून जुना भाग काढला तर फेकायचा नाही. डिकीत ठेवायचा. तो चालत होता याचा पुरावा तुमच्याकडे आहे, नव्याचा नाही.

बॅटरी रात्रीतून उतरते ही तक्रार वेगळी, आणि सोडवायला त्यातल्या त्यात सुखाची. बॅटरीचं एक टोक काढायचं आणि मध्ये मीटर अँपिअरवर लावायचा. घड्याळ नसलेल्या जुन्या गाडीत किल्ली बंद असताना करंट जवळपास शून्य हवा. समजा पाच वॅटचा डिकीतला बल्ब विझतच नाही. तो ०.४ अँपिअर पितो. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत कोरडी. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याला करंट पडेल ती शाखा. फ्यूज काढूनही पडेना तर कटआउटचे पॉइंट चिकटलेत का बघा. चिकटले की बॅटरी रात्रभर डायनमोला मोटरसारखं फिरवायचा प्रयत्न करते. शॉर्ट शोधायची युक्तीही याच जातीची. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावायचा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब भगभगीत पेटतो पण वायर जळत नाही. मग शांतपणे वायरी हलवत जायचं. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझेल तिथेच पत्र्यानं वायर खाल्लेली असते, बहुतेक वेळा रबरी बुश गळून पडलेल्या भोकाशी. दहा फ्यूज जाळण्यापेक्षा हे बरं, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी गुंडाळण्यापेक्षा तर फारच बरं.

फ्यूजबद्दल दोन शब्द. जुन्या ब्रिटिश गाड्यांत सगळे मिळून दोनच फ्यूज असत, हेडलाइटला तर पुष्कळदा एकही नाही. त्यावर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण ब्रिटिश रिवाजात तो उडण्याचा आकडा. सतत वाहण्याचा आकडा त्याच्या निम्मा. अमेरिकी रिवाज उलटा. त्या ३५ च्या जागी अमेरिकी पद्धतीचा ३५ घातला की फ्यूज शाबूत आणि वायरिंग खाक. फियाटच्या घराण्यात चिनीमातीचे, बंदुकीच्या गोळीसारखे फ्यूज. ते उडण्याआधी कळकतात. दिवा लागत नसेल तर फ्यूज बोटानं जागच्या जागी फिरवायचा. दिवा लागला तर वायरमनकडे जायचं नाही, काचपेपर घ्यायचा.

पोलॅरिटीचा गोंधळ थोडक्यात आटोपतो. बऱ्याच ब्रिटिश गाड्या साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. एमजीबी १९६७ पर्यंत तशीच होती. असल्या गाडीत सवयीनं बॅटरी उलटी लावली तर दिवे, हॉर्न, सेल्फ कुरकुर करत नाहीत. ट्रान्झिस्टर असलेला रेडिओ आणि नंतर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र तत्क्षणी मरतं. म्हणून जुनी ब्रिटिश गाडी घेतल्यावर पहिलं काम बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय ते बघणं. आणि बॅटरी सोडवताना नेहमी अर्थचीच वायर आधी काढणं, म्हणजे पाना घसरून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. अंगठी आधी काढून ठेवावी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण तापलेली अंगठी बोटातून निघत नाही.

आता सुधारणांचा वाद, जिथे शौकीन मंडळी हमरीतुमरीवर येतात. हेडलाइटला रिले बसवणं याला माझा बिनशर्त कौल आहे. करंट बॅटरीकडून थेट दिव्याला जातो, साठ वर्षांच्या स्विचला फक्त रिलेची चिमूटभर हमाली राहते, आणि मूळचाच बल्ब नव्यासारखा पेटतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं, पण ते मेलं की घाटात पूर्ण मरतं. पॉइंट काचपेपरनं घासून घर गाठता येतं. ज्यांनी बदललंय त्यांनी जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवावेत. इंडिकेटरला एलईडी घालणारे नंतर फ्लॅशर वेड्यासारखा का वागतो असं विचारत येतात. जुना फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतो आणि एलईडी करंटच ओढत नाही. डायनमो काढून अल्टरनेटर बसवावा की नाही, हे गाडी किती आणि कुठे चालवणार यावर आहे. रविवारी सकाळी लोणावळ्याला जाऊन येणाऱ्या गाडीला मी तो बसवणार नाही.

मूळपणाचा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए'चा क्रमांक मिळतो, आणि चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा अशी अट आहे. इकडे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांच्याबरोबर रोज पाच-पन्नास पद्मिनींच्या वायरिंगमध्ये हात घालणारी एक पिढीही उठून गेली. हा तोटा सुट्या भागांच्या टंचाईपेक्षा मोठा आहे, असं मला वाटतं. भाग बनवता येतो.

संपूर्ण वायरिंग बदलावं का? प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं असेल, किंवा आधीच्या सहा मालकांनी पीळ देऊन टेप गुंडाळलेले सांधे दर वीतभर अंतरावर सापडत असतील, तर होय. टेप उन्हाळ्यात पाघळते आणि आतली वायर तेलकट डिंकात पोहत राहते. एरवी नको. नवं वायरिंग करणारा कारागीर जर सगळ्या वायरी एकाच लाल रंगाच्या वापरणार असेल तर मुळीच नको. लुकासच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे इग्निशन, हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून, निळी हेडलाइट, काळी अर्थ. ते रंग म्हणजे गाडीत लिहून ठेवलेला नकाशाच. डाग द्यावा की क्रिम्प करावं, यावर मी आयुष्यभर डागवाल्यांच्या बाजूनं होतो. पण शिसं वायरीत शोषलं जाऊन जिथे संपतं, तिथे तार कडक होते आणि गाडीच्या थरथरीनं बरोबर तिथेच तुटते. चांगल्या हत्यारानं केलेला क्रिम्प जास्त टिकतो. हत्यार चांगलं नसेल तर डाग द्या आणि वायर जवळच बांधून घ्या, म्हणजे ती हलणार नाही.

पुढची रांग आता लागते आहे. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हातात पडली, म्हणजे ती चाळिशी ओलांडून गेली. तिचं वायरिंग अजून साधं, आपल्या ओळखीचं आहे. नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचं तसं नाही. त्या काळच्या काही मर्सिडीजच्या इंजिनावरचं वायरिंग हाताळताच बिस्किटासारखं चुरतं. जपानी गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या पेटीत कपॅसिटरमधला द्राव गळून सर्किटच्या पट्ट्या खातो. तिथे एकवीस वॅटचा टेस्ट लॅम्प लावला तर पेटीतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. म्हणजे त्या वायरमननं आयुष्यभर वापरलेलं हत्यार तिथे बिघाड शोधणार नाही, करेल.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो मारुतीच्याच एका पेटीचं झाकण उघडून भिंग लावून बसला होता. त्यानं माझ्याकडे न बघता पेटी पुढे केली. कनेक्टरच्या एका पिनेवर मोहरीएवढा हिरवा डाग होता.